पहिली रायफल आणि डावा खांदा

प्रश्न : मी मूळचा अमरावतीचा, आता मॅडिसन, विस्कॉन्सिनमध्ये असतो. यंदा ग्रीन कार्ड मिळालं. ऑफिसातली मंडळी दर नोव्हेंबरला उत्तरेकडच्या एका केबिनवर हरणाच्या शिकारीला जातात. या वेळी मलाही बोलावलंय. पहिली बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची) रायफल घ्यायची आहे. दुकानदार म्हणतो, .३०० विन मॅग या काडतुसाची घ्या, उद्या एल्कसारख्या मोठ्या हरणालाही चालेल. सहकारी म्हणतो, .३०-०६ सोडून काही घेऊच नकोस. इंटरनेटवर सगळे ६.५ क्रीडमूरचं नाव घेतात. सगळं मिळून १५०० डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. मी डावखुरा आहे, उंची साडेपाच फूट. कॉलेजात एनसीसीला पॉइंट टू टू चालवली होती, तेवढाच अनुभव. घरी तीन वर्षांची मुलगी आहे, आणि बायकोला हे प्रकरण फारसं पटलेलं नाही. एक मित्र एच-१बीवर आहे, त्यालाही यायचंय. त्याची रायफल माझ्या नावावर घेतली तर चालेल का? डिसेंबरात आम्ही भारतात जातोय, त्याआधी शिकार उरकेल.

उत्तर : शेवटून दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण बाकी काही चुकलं तर पैसे जातील, इथे चुकलात तर ग्रीन कार्डावर येईल. मित्रासाठी स्वतःच्या नावावर रायफल घ्यायची नाही. दुकानात तुम्हाला ४४७३ नावाचा फेडरल फॉर्म भरावा लागेल. खरा खरेदीदार तुम्हीच का, असं त्यात सरळ विचारलेलं असतं. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्यासाठी घेत असताना तिथे ‘हो’ लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे. मैत्रीखातर केलं, हे तिथे कुणी ऐकून घेत नाही.

मित्राची वाट पूर्ण बंद आहे असंही नाही. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक किंवा काडतुसं बाळगायला एरवी मनाई आहे; नेमबाजीच्या रेंजवर मित्राची रायफल क्षणभर हातात घेणंही त्यातच मोडू शकतं. पण कायद्यात काही अपवाद आहेत आणि त्यांतला एक म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. तो काढला की त्याला स्वतःच्या नावावर, स्वतःचा फॉर्म भरून रायफल घेता येते. तरीही त्याने आधी आपल्या इमिग्रेशन वकिलाला एक ईमेल टाकावी, मगच रेंजची पायरी चढावी. आणि फॉर्मचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो : त्यात गांजाबद्दलही प्रश्न असतो. शेजारच्या इलिनॉयमध्ये गांजाच्या गमी गोळ्या उघड्यावर विकतात, पण फेडरल कायदा आणि इमिग्रेशन खातं यांना त्या राज्याच्या परवानगीशी घेणंदेणं नाही.

आता रायफल.

दुकानदाराचा .३०० विन मॅग तिथेच ठेवून या. ते काडतूस वाईट नाही. १९६३ पासून लोक त्यावर एल्क आणि मूस मारत आलेत. पण तुम्हाला एल्क मारायचा नाही. तुम्हाला विस्कॉन्सिनच्या झाडीत, बहुधा शंभर यार्डांच्या आत, एक व्हाइटटेल हरीण मारायचंय. त्या हरणाला हे काडतूस गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि तुमच्या खांद्यालाही. सारख्या वजनाच्या रायफलीत .३०० विन मॅगचा धक्का ६.५ क्रीडमूरच्या जवळपास दुप्पट बसतो. पहिल्या दिवशी हौसेने सोसाल. दुसऱ्या दिवशी चाप ओढताना डोळे आपोआप मिटायला लागतील, आणि एकदा ही खोड लागली की ती काढायला वर्ष-वर्ष जातं. उद्या खरंच कोलोरॅडोला एल्कसाठी जायची वेळ आली, तर तेव्हाचं तेव्हा बघू. पहिली रायफल आयुष्यभराच्या सगळ्या शिकारींचा विचार करून घेऊ नये.

तुमच्या सहकाऱ्याचं .३०-०६ हे १९०६ सालचं लष्करी काडतूस. दोन महायुद्धांत वापरलं गेलं, आणि उत्तर अमेरिकेतला जवळपास प्रत्येक प्राणी त्याने मारून झालाय. विस्कॉन्सिनच्या निम्म्याअधिक केबिनांत भिंतीवर तेच टांगलेलं असावं. त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण नवख्याला त्याहून थोडं मवाळ काडतूस मिळत असताना ते घ्यावं असं मला वाटत नाही. .३०८ विंचेस्टर १९५२ चं. काम जवळपास तेच, पण छोट्या अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे बोल्टाच्या आखूड यंत्रणेत, बसतं आणि धक्का जरा कमी. ६.५ क्रीडमूर २००७ चं. इंटरनेटवर त्याचं जे कौतुक चालतं ते बरंचसं हजार यार्डांच्या निशाणेबाजीचं आहे, आणि तुम्हाला त्याच्याशी कर्तव्य नाही. तुमच्या कामाचा गुण एकच : धक्का कमी. दोनशे यार्डांच्या आतलं हरीण तेवढ्यात नीट पडतं. ७ एमएम-०८ हेही फार चांगलं, मला तर मनापासून आवडणारं काडतूस, पण डाव्या हाताच्या रायफलीत ते दर वेळी मिळेलच असं नाही, आणि उत्तरेकडच्या गावातल्या पेट्रोल पंपाशेजारच्या दुकानात त्याचा डबा सापडेलच याची खात्री नाही.

म्हणून माझं मत : डाव्या हाताच्या रायफलीत ६.५ क्रीडमूर मिळालं तर ते घ्या. नाही मिळालं तर .३०८. दोन्हींतला फरक हरणाला कळणार नाही.

तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला शब्द मात्र ‘डावखुरा’ आहे, आणि तो तुम्ही उंचीसोबत जाता जाता लिहून टाकलाय. एनसीसीची ती पॉइंट टू टू बोल्ट अ‍ॅक्शनच होती, म्हणजे बोल्ट वर उचलणं, मागे ओढणं, पुढे ढकलणं, खाली बसवणं तुमच्या हाताला माहीत आहे. पण ती उजव्या हाताची होती, आणि उस्तादांनी तुम्हाला बहुतेक उजव्याच खांद्याला लावायला सांगितली असणार. तिथे पर्याय नव्हता. इथे आहे.

आधी डोळा तपासा. दोन्ही हात समोर ताणून पंजांमध्ये छोटा त्रिकोण करा आणि त्यातून वीस फुटांवरचा दिव्याचा खटका बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने खटका त्रिकोणात तसाच राहतो, तो तुमचा नेमाचा डोळा. हात डावा आणि नेमाचा डोळाही डावा असेल तर प्रश्नच मिटला : रायफल डाव्या खांद्यावर, बोल्ट डाव्या बाजूला. हात डावा पण डोळा उजवा निघाला, तर कॉलेजात शिकलात ते उजव्या खांद्याचं वळण टिकवा आणि साधी उजवी रायफल घ्या. अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. डोळ्याची सवय बदलण्यापेक्षा हाताची बदलणं सोपं असतं. त्यातही एनसीसीतला थोडा सराव तुमच्या गाठीला आहेच.

काही दुकानदार डावखुऱ्याला सांगतात, उजवीच घ्या, वरून हात फिरवून बोल्ट चालवता येतो. टेबलावर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून बसला असाल तर येतो, किंबहुना तिथे तो प्रकार सोयीचाही वाटतो. पण झाडाला पाठ टेकून उभे असाल, पहिला बार हुकला असेल आणि हरीण चाळीस पावलांवर जाऊन थबकून मागे बघत असेल, तेव्हा हाच द्राविडी प्राणायाम नडतो. डाव्या हाताने बोल्ट गाठायचा तर पकड सुटते, गाल दस्त्यावरून उठतो आणि स्कोपमधलं, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीतलं, हरीण हरवतं. हवी तशी डावी रायफल मिळायला दोन-तीन आठवडे लागतील. लागू द्यात.

सुदैवाने तुमच्या पैशात डाव्या रायफली मिळतात. सॅव्हेज कंपनीने डावखुऱ्यांची कदर बऱ्याच जणांच्या आधीपासून केली आहे. त्यांची ११० ही मालिका १९५८ पासून चालू आहे आणि तिचा चाप घरच्या घरी हलका-जड करता येतो. रूगर अमेरिकन डाव्या हाताचीही येते. दिसायला अगदीच रुक्ष, प्लॅस्टिकचा दस्ता हातात घेतला की खेळण्यासारखा वाटतो, पण गोळी सांगितल्या जागी जाते. फिनलंडची टिक्का टी३एक्स या तिघींत महाग. तिचा बोल्ट ज्याने एकदा मागेपुढे करून पाहिला त्याला बाकीच्यांचे खरखरीत वाटायला लागतात, म्हणून पैसे ठरलेले असतील तर तिला शेवटी हात लावा. सॅव्हेज आणि रूगरचा सेफ्टीचा (चुकून बार सुटू नये म्हणूनचा) खटका वर मधोमध, अंगठ्याखाली असतो. डावखुऱ्याला ही सोय मोठी.

नवीच घ्यायची असंही काही नाही. जुन्या रायफली या राज्यात खूप फिरतात, आणि बऱ्याच जणींतून वर्षाला जेमतेम दहा-बारा गोळ्या झाडलेल्या असतात. फक्त जुनी रेमिंग्टन ७०० समोर आली तर सीरियल नंबर लिहून घ्या. २००६ ते २०१४ दरम्यानच्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली कंपनीनेच २०१४ मध्ये दुरुस्तीसाठी परत मागवल्या होत्या. ती दुरुस्ती झालीय का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुकानात जाताना नोव्हेंबरचे कपडे घेऊन जा, ऑगस्टचा उकाडा असला तरी. जाड जॅकेट आणि हातमोजे घालून रायफल खांद्याला लावा. बाजारातल्या बहुतेक रायफलींचा दस्ता सहा फुटी माणूस डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला असतो : चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण साडेतेरा-पावणेचौदा इंच. साडेपाच फुटी माणसाने त्यावर जाड जॅकेट चढवलं की दस्ता काखेत अडकतो आणि मान पुढे ताणावी लागते. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल, लख्ख चित्र दिसलं पाहिजे. कडेला काळी चंद्रकोर दिसत असेल तर एक तर स्कोप मागेपुढे करावा लागेल, नाही तर दस्ता तुमच्या मापाचा नाही. छोट्या मापाचे दस्तेही मिळतात. ‘कॉम्पॅक्ट’ किंवा ‘यूथ’ असं लिहिलेलं असतं, त्यात कमीपणा मानू नका.

दुकानदाराच्या परवानगीने, आत काही नाही याची स्वतः खात्री करून आणि नळी मोकळ्या भिंतीकडे ठेवून, हातमोज्यांसकट बोल्ट चालवा, सेफ्टीचा खटका सरकवा, मॅगझीन काढून परत बसवा. खटक्याचा ‘टक्’ असा मोठा आवाज येत असेल तर तो शांत जंगलात हरणालाही ऐकू जातो.

पैशांची वाटणी अशी करा. रायफलीला साडेपाचशे ते सातशे. स्कोप आणि माउंट मिळून तीनशेच्या आसपास. ३-९ x ४० चा (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, ४० मिमी भिंगाचा) साधा, नावाजलेल्या कंपनीचा स्कोप पुरे. पंचवीस पटींनी मोठं दाखवणारा घेतलात तर पन्नास यार्डांवर हरणाचे नुसते केस दिसतील. पावसात आणि धक्क्याने हलणार नाही एवढंच बघा. रायफलीसोबत डब्यात मिळणारा फुकटचा स्कोप बहुधा फुकटाच्याच लायकीचा असतो. उरलेल्या पैशांतला मोठा भाग काडतुसांना, आणि कानांना. रायफलीचा बार १६० डेसिबलच्या घरात जातो, आणि १४० च्या वर एकच आवाजही कान कायमचा बिघडवायला पुरतो. रेंजवर कानात बोंडं आणि वर मफ, दोन्ही. कुणी धक्का कमी करायला नळीच्या तोंडाला ब्रेक बसवा म्हटलं तर नाही म्हणा. धक्का कमी होतो खरा, पण आवाज तुमच्याच कानांकडे येतो.

वीस काडतुसांच्या डब्याला पंचवीस-चाळीस डॉलर सहज पडतात. तुमचा सहकारी म्हणेल, हंगामाला एक डबा पुरतो. त्याला पुरत असेल, पस्तीस वर्षं तो तेच करतोय. तुम्ही निदान पाच-सहा डबे धरा. आधी पंचवीस यार्डांवर कागदावर आणा, मग शंभरावर. दोन-तीन वेगवेगळ्या काडतुसांतून तुमच्या रायफलीला कुठलं मानवतं ते बघा, ठरलं की तेच पुढे घ्या. शंभर यार्डांवर टेबलावरून दीड-दोन इंचांत तीन गोळ्या आल्या की रायफल पास झाली. त्यानंतर टेबलावरून उठा. जंगलात टेबल नसतं. मांडी घालून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, अशा बार टाकायच्या बैठका आहेत. हरणाची छाती, म्हणजे काळीज आणि फुफ्फुसांची जागा, कागदी जेवणाच्या ताटलीएवढी, साधारण आठ इंच असते. प्रत्येक बैठकीतून ती ताटली किती यार्डांपर्यंत दर वेळी लागते ते पाहा. जिथे हुकायला लागते, तिथे तुमचं अंतर संपलं. गुडघ्यावरून ते सत्तर यार्ड निघालं, तर नव्वद यार्डांवरच्या हरणाला जाऊ द्यायचं, मग ते कितीही मोठ्या शिंगांचं असो.

डोळे मिटताय का, हे स्वतःला कळत नाही. सहकाऱ्याला सांगा, मॅगझीनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादं खोटं, डमी काडतूस तुम्हाला न दाखवता मिसळ. डमीवर चाप ओढला आणि नळी स्थिर राहिली तर ठीक. नळीने खाली डोकं घातलं, तर तुम्ही बार सुटायच्या आधीच अंग चोरताय. अशा वेळी मोठी रायफल बाजूला ठेवून परत पॉइंट टू टूवर जायचं. कॉलेजात तुम्ही जे शिकलात ते इथेही तेच आहे : श्वास अर्धा सोडा, थांबा, चाप दाबत राहा, बार कधी सुटला ते आपल्यालाच अचानक कळावं.

यंदा परवान्याला पुरेसा वेळ आहे. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला विस्कॉन्सिनमध्ये शिकारीचा परवाना घ्यायला सुरक्षा प्रशिक्षण लागतं. अठरा वर्षांवरच्यांना ते ऑनलाइनही करता येतं. पण जमलं तर प्रत्यक्ष वर्गाला बसा. तिथले म्हातारे स्वयंसेवक कुंपण ओलांडताना रायफल कशी द्यायची-घ्यायची हे हातात देऊन शिकवतात. स्क्रीनवर ते कळत नाही. कोर्स झाला नाही तर राज्याची ‘मेंटर’ सोय आहे, म्हणजे अनुभवी शिकाऱ्याच्या हाताच्या अंतरात राहून शिकार करता येते. खरं सांगू? पहिल्या वर्षी असं जाणं मला जास्त आवडेल. नऊ दिवसांचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. त्या शनिवारी पहाटे जंगलात नवखे तुम्ही एकटेच नसता, म्हणून कमरेवरचा निदान निम्मा पोशाख भडक नारिंगी हवा. भडक गुलाबीही २०१६ पासून चालतो. गाडीत रायफल रिकामीच न्यायची.

बायकोच्या नाराजीवर मी तुम्हाला युक्तिवाद पुरवणार नाही. ती कशाला घाबरते ते विचारा. घरातली बंदूक आणि मुलगी असं उत्तर आलं, तर ती बरोबर आहे. छोटी लोखंडी तिजोरी या खर्चातच धरा, रायफलीपेक्षा आधी घरात आणा. बोल्ट अ‍ॅक्शनचा एक फायदा असा की बोल्ट काढून वेगळ्या कुलपात ठेवता येतो. बोल्टाशिवाय ती रायफल म्हणजे लाकूड किंवा प्लॅस्टिक लावलेली नळी. काडतुसं तिसरीकडे. किल्ल्या कुठे असतात हे तिला माहीत असावं, मुलीला नाही. आणि प्राणी मारण्यालाच तिचा विरोध असेल, तर तो माझ्या सदराने सुटणारा प्रश्न नाही. मांस खाणाऱ्या घरात निदान चर्चा तरी होऊ शकते.

मांस घरी येणार असेल तर दोन गोष्टी तिलाही दाखवा. तुम्ही डेन काउंटीत राहता. हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या राज्यात २००२ मध्ये पहिल्यांदा तिथेच उघड झाला. माणसाला तो होतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नये असाच आरोग्य खात्यांचा सल्ला आहे. राज्याचं वन्यजीव खातं तपासणी फुकट करतं. नमुना द्या, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवा. दुसरं शिशाचं. शिशाची गोळी मांसात बारीक कण सोडते. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान आलेल्या खिम्यात असे कण सापडल्यावर अन्नपेढ्यांना तो टाकून द्यायला सांगितलं होतं. तीन वर्षांचं मूल त्या पानावर जेवणार असेल तर तांब्याच्या गोळ्यांची काडतुसं घ्या. महाग पडतात, पण हंगामाला लागतात किती? सराव स्वस्त काडतुसांवर करा, मग शेवटी तांब्याच्यांवर नेम पुन्हा बसवून घ्या, कारण त्या थोड्या वेगळ्या जागी लागतात. हरणाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते. तर्रीदार वऱ्हाडी रस्सा करायचा तर मंद आचेवर, तेल हात सैल सोडून.

राहिला डिसेंबर. भारतात शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, ते तुम्हाला सांगायला नको. पण नोव्हेंबरात केबिनवर नेलेली बॅग डिसेंबरात विमानाला नेऊ नका. शिकाऱ्यांच्या बॅगांच्या आतल्या कप्प्यांत, जॅकेटच्या खिशांत, हातमोज्यांच्या बोटांत काडतुसं उरतात. मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर एक्स-रेत एक जिवंत काडतूस दिसलं तर शस्त्र कायद्याखाली पोलिसांत गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, आणि विसरून राहिलं हे सिद्ध करायला कोर्टाची पायरी चढावी लागते. रेंजची आणि शिकारीची बॅग वेगळी घ्या, तिचा रंगही घरातल्या दुसऱ्या कुठल्या बॅगेशी जुळणार नाही असा बघा.